इब्न फिरनासचे शेपूट

वर्षातून दोन-तीनदा तरी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरून येतो. राईट बंधूंच्या हजार वर्षे आधी अब्बास इब्न फिरनास नावाच्या मुसलमानाने विमान उडवले होते आणि ही गोष्ट जगापासून लपवली गेली, असा मजकूर. सोबत पंख बांधलेल्या, दाढीवाल्या माणसाचे रंगीत चित्र. खाली मामू, चाचू, खालाजान सगळ्यांचे 'सुब्हानअल्लाह'. मग कधीतरी शिक्षकांच्या ग्रुपवर दुसरा संदेश येतो. त्यात शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर प्राचीन ग्रंथांवरून विमान उडवले आणि इंग्रजांनी ते दाबून टाकले, असे असते. तिथे खाली हात जोडलेले इमोजी. दोन्ही संदेशांचे शेवटचे वाक्य मात्र हुबेहूब सारखे : हे पाठ्यपुस्तकात का नाही?

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. विमानाशी माझा संबंध इतकाच की शाळा लहान आहे, विज्ञानाच्या सरांची जागा बराच काळ रिकामी होती आणि तो तास फिरत फिरत माझ्याकडे यायचा. एकदा आठवीतल्या एका मुलाने विचारले, "टीचर, विमान तर मुसलमानांनी शोधलं ना?" वर्ग एकदम शांत झाला. उत्तर 'हो' असावे अशी प्रत्येकाची इच्छा चेहऱ्यावर दिसत होती. ज्या मुलांना टीव्हीपासून नाक्यापर्यंत सगळीकडे 'तुमच्या लोकांनी काय दिलं?' हा सवाल ऐकायला मिळतो, त्यांना असे एखादे नाव हवे असते. मी त्याला हसू शकत नव्हते. खोटेही सांगू शकत नव्हते. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, आणि जे हाती लागले ते दोन्ही संदेशांपेक्षा कितीतरी रंजक निघाले.

आधी इब्न फिरनासबद्दल. माणूस खरा आहे. नवव्या शतकात स्पेनमध्ये, कुर्तुबाच्या उमय्या दरबारात तो होता. इंतकाल ८८७ साली. शायर होता, संगीत जाणणारा होता, काच बनवण्याचे आणि पाण्याच्या घड्याळाचे श्रेय त्याला दिले जाते. उडण्याची हकिकत मात्र आपल्याला कळते ती मुख्यतः अल-मक्करी या इतिहासकाराकडून, आणि मक्करी वारला १६३२ साली. म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी. त्याच्यापुढे जुने ग्रंथ होते, हे मान्य. तरी अंतर मोठे आहे.

पण यात एक गंमत आहे, आणि ती उर्दू शिकलेल्यांना पटकन कळेल. इब्न फिरनासच्याच काळातला मुमिन इब्न सईद नावाचा एक दरबारी शायर त्याच्यावर जळत असे. त्याने इब्न फिरनासची टिंगल करताना त्याच्या उडण्याचा आणि अंगावर घेतलेल्या गिधाडाच्या पिसांचा उल्लेख करून ठेवला आहे. म्हणजे आपला सर्वात जवळचा पुरावा कसीद्यातला नाही, हजोमधला आहे. स्तुती करणारा हवे ते लिहितो. खिल्ली उडवणाऱ्याला मात्र लोकांना माहीत असलेल्या गोष्टीवरच खिल्ली उडवता येते. कुर्तुबात काहीतरी घडले होते एवढे यावरून मानायला माझी हरकत नाही.

आणि मक्करीने एक वाक्यभर माहिती दिली आहे, ती संदेशात कधीच नसते. तो सांगतो की इब्न फिरनास बराच दूर गेला, पण उतरताना आपटला आणि त्याच्या पाठीला इजा झाली. कारण? पक्षी उतरताना शेपटाचा उपयोग करतात हे त्याच्या लक्षात आले नव्हते. त्याने शेपूट लावलेच नव्हते.

हे वाचून मी थांबले. 'नजर लागली' असे कारण दिलेले नाही, 'अल्लाहची मर्जी' म्हणूनही सोडून दिलेले नाही. आपटण्याचे कारण यंत्रातल्या उणिवेत शोधले आहे. हे बोलणे विज्ञानाच्या दारापर्यंत आलेल्या माणसाचे आहे. प्रश्न एवढाच की पुढे कोणी शेपूट लावून दुसरी उडी मारली का? किती उंचीवरून, किती वाऱ्यात, पंख केवढे, हे कोणी लिहून ठेवले का? तशी काही नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. चित्र राहिले, हिशेब राहिला नाही.

तळपद्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे बोलण्यासारखे थोडेच आहे. ते मुंबईचे, संस्कृत जाणणारे गृहस्थ. १८९५ च्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा मिळालेला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचे नाव या चर्चेत हटकून येते त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये करून टाकला आहे. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी ग्रंथाची टवाळी केली नाही. आकृत्या घेतल्या, वजन आणि बलांचा हिशेब मांडला. माझ्या मते एखाद्या ग्रंथाला याहून मोठा मान देता येत नाही.

आता खरी गोष्ट. ती लपवलेली नाही, उलट पाना-पानावर छापलेली आहे. तरी ती फॉरवर्ड होत नाही, कारण तिच्यात आकडे आहेत.

माणसाला शतकानुशतके वाटत होते की उडायचे म्हणजे पंख फडफडवायचे. ही कल्पना मोडली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या जॉर्ज केली या जमीनदाराने. १७९९ साली त्याने चांदीच्या एका छोट्या चकतीवर दोन बाजूंना दोन चित्रे कोरली. एका बाजूला स्थिर पंख, शेपूट आणि बसायची जागा असलेले यंत्र. दुसऱ्या बाजूला पंखावर लागणाऱ्या बलांची आकृती : वर उचलणारे बल वेगळे, मागे ओढणारे वेगळे. पक्षी पंखाने दोन कामे एकदम करतो, उचलण्याचे आणि पुढे ढकलण्याचे. केली म्हणाला, आपण ती वेगळी करू. पंख उचलेल, ढकलायला दुसरे काहीतरी शोधू. आजचे प्रत्येक विमान या वाटणीवर उडते. ती चकती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

पण पंख किती उचलेल? इथे आकडा लागतो. आणि आकडा हाताशी होता. जॉन स्मीटन या नामवंत इंजिनिअरने १७५९ मध्ये पवनचक्क्यांवर जो निबंध लिहिला त्यात वाऱ्याच्या दाबाचे कोष्टक होते. त्यातून एक गुणक निघत होता, ०.००५. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ घ्या, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग करा, या गुणकाने गुणा, की जोर मिळाला. स्मीटन मोठा माणूस होता. दीडशे वर्षे बहुतेक सगळे तो आकडा वापरत राहिले. काहींना शंका आली होती, पण पुस्तकात छापले जात होते ०.००५ च.

मग जर्मनीत ओटो लिलिएन्थाल आला. कारखानदार, इंजिनिअर, लहानपणापासून भावाबरोबर करकोच्यांचे उडणे न्याहाळणारा. सपाट पंखापेक्षा किंचित वाकलेला पंख जास्त उचलतो, हे त्याने वर्षानुवर्षे मोजून दाखवले आणि १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरच्या पुस्तकात मांडले. नुसते लिहून थांबला नाही. १८९१ पासून स्वतः बनवलेल्या पंखांना लोंबकळून टेकडीवरून झेपा घेऊ लागला. जवळ सोयीची टेकडी नव्हती तर बर्लिनजवळ माती टाकून एक टेकडीच उभी करवली. सुमारे दोन हजार झेपा त्याने घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्याचे यंत्र हवेतच अडले आणि तो खाली कोसळला. पाठीचा कणा मोडला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

इब्न फिरनासचीही पाठ आणि याचीही पाठ. पण लिलिएन्थालच्या मागे एक कोष्टक उरले. पंखाचा कोन एवढा असेल तर उचल एवढी, असे ओळीने लिहिलेले आकडे. जो कोणी पुढे येईल त्याला ते तपासता येणार होते, आणि चुकले असेल तर चुकले म्हणता येणार होते.

पुढे आले ते अमेरिकेतल्या डेटन गावातले दोन सायकलवाले भाऊ, विल्बर आणि ऑर्विल राईट. कॉलेजचे तोंड दोघांनी पाहिलेले नाही. लिलिएन्थालच्या मृत्यूच्या बातमीने ते या विषयाकडे ओढले गेले. १९०० मध्ये, पुन्हा १९०१ मध्ये, समुद्रकाठच्या किटी हॉक इथल्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी ग्लायडर नेले. आकार ठरवला होता लिलिएन्थालच्या कोष्टकावरून आणि स्मीटनच्या गुणकावरून. १९०१ चे ग्लायडर हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल देत होते. विल्बर इतका निराश झाला की माणूस आपल्या हयातीत उडणार नाही असे त्याला वाटू लागले.

मला सगळ्यात जास्त भावते ते इथून पुढचे.

विल्बरला शिकागोच्या इंजिनिअरांपुढे बोलण्याचे आमंत्रण आले. तो नको म्हणत होता. धाकटी बहीण कॅथरिन मागे लागली म्हणून गेला. (ही कॅथरिन हायस्कुलात लॅटिन शिकवायची. विमानाच्या गोष्टीत भाषेची एक शिक्षिका आहे, हे मी माझ्या वर्गात न चुकता सांगते.) भाषणात त्याने लिलिएन्थालच्या आकड्यांवर शंका घेतली. परत आल्यावर भावांपुढे सवाल उभा राहिला : आपण एवढ्या मोठ्या माणसाला चूक म्हटले, पण आपल्याकडे पुरावा काय?

त्यांनी एका सायकलच्या पुढे तिसरे चाक आडवे बसवले. त्यावर एकीकडे लिलिएन्थालसारखा वाकवलेला छोटा पंख आणि दुसरीकडे सपाट पत्रा लावला. वारा मिळावा म्हणून डेटनच्या रस्त्यावर जोरात सायकल मारायची आणि आडवे चाक कुठे फिरते ते बघायचे. यावरून कोष्टकाबद्दलची शंका पक्की झाली, पण एवढ्यावर नेमका आकडा मिळेना. मग दुकानात सहा फूट लांबीची, आतून सोळा इंच चौरस अशी लाकडी पेटी केली. एका टोकाला पंखा, तो दुकानातल्या इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. हवेचा बोगदा ही कल्पना त्यांची नव्हती, इंग्लंडमध्ये वेनहॅमने ती १८७१ मध्येच वापरली होती. यांचे कौतुक आत ठेवलेल्या तराजूंचे आहे. करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकची तार यांचे ते तराजू ओबडधोबड दिसत, पण मोजत अचूक. पत्रा कापून, हातोड्याने ठोकून त्यांनी लहान लहान पंख केले. दोनशेच्या आसपास आकार. १९०१ च्या हिवाळ्यात काही आठवडे हेच चालले : पंख लावा, मोजा, लिहा, काढा, दुसरा लावा.

निष्कर्ष काय निघाला? लिलिएन्थाल फारसा चुकलेला नव्हता. त्याचे आकडे त्याच्या आकाराच्या पंखासाठी बऱ्यापैकी बरोबर होते. राईट बंधूंचा पंख वेगळ्या आकाराचा होता, त्याला ते जसेच्या तसे लागू पडत नव्हते. आणि खरी मोठी खोट होती स्मीटनच्या गुणकात. तो ०.००५ नव्हे, ०.००३३ च्या आसपास निघाला. जिथे दीडशे किलो उचल धरली होती तिथे शंभरच मिळणार होती. ज्याच्यावर संशय घेतला तो बराचसा निर्दोष सुटला आणि ज्याच्याकडे कोणी फारसे बोट दाखवत नव्हते तो सापडला. भावांनी दोन्ही लिहून ठेवले. लिलिएन्थालबद्दलचा आदर त्यांनी कधी कमी होऊ दिला नाही.

आपल्याकडे बुजुर्गांचा अदब करायचा म्हणजे त्यांचे तपासायचे नाही असे धरले जाते. ही रीत आपल्या इतिहासातही सगळ्यांना मान्य नव्हती. अकराव्या शतकात काहिऱात प्रकाशावर काम करणाऱ्या इब्न अल-हैसमने बतलमयूसवर, म्हणजे टॉलेमीवर, एक अख्खे पुस्तक लिहिले आणि त्याचे नावच 'शुकूक' ठेवले. शंका! ज्याच्या ग्रंथांवर तो शिकला त्याच्याच ग्रंथांवर. संदेशात पंखवाल्या चित्राऐवजी कोणी हे पुस्तक फिरवले तर मी खुशाल पुढे पाठवीन.

बोगद्यातून आणखी एक गोष्ट कळली. पंख लांब आणि अरुंद असेल तर तेवढ्याच ओढीत उचल जास्त मिळते. १९०१ च्या ग्लायडरचे पंख बावीस फूट लांब आणि सात फूट रुंद होते. १९०२ चे बत्तीस फूट लांब, पाच फूट रुंद. घारीचा किंवा समुद्रपक्ष्याचा पंख डोळ्यांपुढे आणा. या वेळी ग्लायडर हिशेबाप्रमाणे तरंगले.

आणि तरीही आपटत होते. वळताना एका बाजूला घसरून पंखाचे टोक वाळूत रुतायचे. भावांनी त्या प्रकाराला 'विहीर खणणे' असे नाव ठेवले होते. या ग्लायडरला त्यांनी मागे उभे शेपूट लावले होते, पण ते घट्ट बसवलेले. ऑर्विलला सुचले की शेपूट हलते ठेवले पाहिजे. विल्बरने त्यात भर घातली की ते पंख पिळण्याच्या दोरीलाच जोडावे. विहिरी खणणे थांबले. मक्करीने म्हटलेले शेपूट उतरण्यासाठीचे होते, हे वळण्यासाठीचे, दोन्ही एकच नाहीत. पण उडणे म्हणजे नुसते वर जाणे नव्हे, हवेत तोल सांभाळता आला पाहिजे, हे ज्याने त्याने पाठ मोडून किंवा वाळू खाऊन शिकले. १७ डिसेंबर १९०३ ला इंजिन लावलेले विमान पहिल्यांदा १२ सेकंद आणि १२० फूट गेले. त्याच दिवशी चौथ्या वेळी ५९ सेकंद, ८५२ फूट. मला विचाराल तर विमान १९०१ च्या त्या पेटीतच उडाले होते. किटी हॉकला फक्त निकाल लागला.

त्याच महिन्यात, नऊ दिवस आधी, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख लँग्ली यांचे विमान पोटोमॅक नदीत दुसऱ्यांदा कोसळले होते. सरकारचे पन्नास हजार डॉलर, हाताशी निष्णात लोक, दणकट इंजिन. तोल सांभाळण्याचा विचार तेवढा कमी पडला.

गंमत म्हणजे पंख का उचलतो याचे नीट गणित तेव्हा कोणाला साधलेलेच नव्हते. जर्मनीत कुट्टा, रशियात झुकोव्हस्की यांनी ते याच काळात बसवायला घेतले, आणि १९०४ मध्ये प्रांटलने एका छोट्या निबंधात पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना मांडली. त्यावर पुढचे शास्त्र उभे राहिले. आजही गाईडांत आणि व्हिडिओंत एक चुकीचे कारण सापडते : पंखाची वरची बाजू लांब, म्हणून वरच्या हवेला खालच्या हवेबरोबर पोहोचायला पळावे लागते. हवेने असा काही वादा केलेला नसतो. मोजले तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पुढे पोहोचते. सोपे सांगायचे तर पंख हवेला खाली वळवतो, वरच्या बाजूला दाब कमी आणि खाली जास्त राहतो, आणि त्या फरकाने पंख उचलला जातो. विमान उलटे होऊनही उडू शकते, ते वरच्या लांबीच्या गोष्टीने कसे समजावणार?

उर्दू शाळेच्या कुठल्याही जलशात इक्बालचा शाहीन एकदा तरी उडतोच. मुले मुठी आवळून म्हणतात. तो शाहीन नेमका कसा उडतो, हे विचारणारा जलसा अजून मी पाहिलेला नाही. कलाम साहेब भाषणांत सांगायचे की रामेश्वरमच्या शाळेत शिवसुब्रमण्य अय्यर सरांनी फळ्यावर पक्षी काढून उड्डाण समजावले, तरी ते आपल्याला कळले नाही म्हणाल्यावर सर वर्गाला समुद्रावर घेऊन गेले आणि उडणारे पक्षी दाखवले. 'मला कळले नाही' असे त्या मुलाला सरांपुढे म्हणता आले, हे मला पक्ष्यांइतकेच मोठे वाटते.

त्या आठवीच्या मुलाला मी सांगितले ते असे : इब्न फिरनासने बहुधा उडी मारली, आपटला, आणि का आपटला ते कोणीतरी विचारले. विमान त्या विचारण्यातून पुढे आले, अनेक देशांतून, एकमेकांचे आकडे तपासत. तो जरासा खट्टू झाला. मग म्हणाला, "टीचर, त्याला शेपूट तर आमच्या पतंगाला पाहूनच कळलं असतं. गोते खायला लागला की आम्ही चिंधी बांधतो."

पुढच्या तासाला आम्ही टेबल फॅन आणला. एका बांबूच्या काडीला मधोमध दोरा बांधून तराजूसारखी लटकवली, एका टोकाला सपाट पुठ्ठा, दुसऱ्या टोकाला तेवढाच पण किंचित वाकवलेला. दोघांनाही सारखाच तिरपा कोन. फॅन सुरू केल्यावर काडी भलतीच गिरक्या घेऊ लागली. मागच्या बाकावरची, वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, फॅनची हवा सरळ येत नाही, गोल गोल येते. तिने शीतपेयाच्या नळ्या जमवायला सांगितले. नळ्यांचा गठ्ठा फॅनपुढे बांधला की हवा सरळ येईल, असे तिचे म्हणणे. हवा सरळ करण्याची हीच अडचण राईट बंधूंनाही आली होती आणि त्यांनीही पेटीत जाळी बसवली होती, हे मी तिला तेव्हा सांगितले नाही. नळ्या गोळा व्हायला चार दिवस लागले. वाकवलेला पुठ्ठा सहापैकी पाच वेळा वर गेला, आणि सहाव्या वेळी का गेला नाही यावरून मुले मधली सुट्टी संपली तरी भांडत होती.